पट्टीवरचे गाणे

कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अर्नेस्ट क्लेमंट्स हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले अधिकारी, साताऱ्यात जिल्हा न्यायाधीश. विसावे शतक नुकते सुरू झाले होते आणि या दोघांना एकाच प्रश्नाने झपाटले होते. युरोपातून आलेली हार्मोनियमची पेटी आपल्या रागाला पुरी पडत नाही, हे कानाला कळते. पण ती नेमकी कुठे आणि किती कमी पडते? ते मोजता येईल का? आणि मोजता आले, तर सुधारता येईल का? देवलांनी तारा ताणलेले मोजणीचे वाद्य मांडले, किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ गायला बसले आणि गळ्यातला एकेक स्वर तारेच्या लांबीत पकडण्याचा उद्योग सुरू झाला. १९१० साली देवलांचे बावीस श्रुतींवरचे, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म स्वरस्थानांवरचे, इंग्रजी पुस्तक पुण्यात छापले गेले. १९१३ साली क्लेमंट्स यांचा भारतीय संगीताच्या अभ्यासाची ओळख करून देणारा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. लंडनच्याच मूर अँड मूर या कंपनीने त्यांच्या हिशेबाबरहुकूम श्रुती-हार्मोनियम बांधून दिला.

एका वाद्यासाठी किंवा गळ्यासाठी घडलेले संगीत दुसऱ्या वाद्यावर नेणे, म्हणजे वाद्यांतर, ही स्वतंत्र विद्या आहे. जगभर तिची उदाहरणे देताना पियानोच्या रचना मरिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर कशा बसवल्या, व्हायोलिनची रचना गिटारवर कशी आणली, असे दाखले घेतले जातात. ते दाखले मोलाचे आहेत आणि पुढे आपण त्यांच्याकडे येणारच आहोत. पण मराठी वाचकाने या अभ्यासात शिरताना सातारा आणि सांगलीच्या दारातून यावे, असे मला मनापासून वाटते. या विद्येतले जवळजवळ सगळे कठीण प्रश्न या दोन जिल्ह्यांत, आपल्याच गाण्याच्या संदर्भात, शंभर वर्षांपूर्वी विचारले गेले आहेत. काहींची उत्तरेही इथेच मिळाली, फक्त ती पुस्तकात कमी आणि वादकांच्या बोटांत जास्त आहेत.

आधी देवलांना काय खुपत होते ते आकड्यांत पाहू. गणिताची धास्ती घेऊ नये. चौथीतला गुणाकार-भागाकार पुरतो. समजा, गायिकेने काळी पाचच्या किंचित वर, सेकंदाला २४० कंपनांवर, षड्ज धरला. तिचा पंचम दीडपट, म्हणजे ३६० वर लागतो. शुद्ध गंधार सव्वापट, म्हणजे बरोबर ३०० वर. आता पेटी घ्या. पेटीतले सप्तक बारा अगदी सारख्या पायऱ्यांत कापलेले असते, म्हणजे कुठल्याही पट्टीपासून सुरुवात केली तरी अंतरे तीच राहतात. युरोपच्या संगीताला ही सोय हवी होती, कारण तिथे एकाच रचनेत षड्जाची जागा बदलत राहते. या सोयीची किंमत अशी की पेटीचा पंचम ३५९.६ वर येतो, जे कुणाला जाणवणारही नाही. पण शुद्ध गंधार ३०२.४ वर जातो, शुद्ध धैवत ४०० ऐवजी ४०३.६ वर आणि शुद्ध निषाद ४५० ऐवजी ४५३ वर. कोमल गंधाराचे उलट: तो २८८ वर हवा, पेटीत २८५.४ वर सापडतो. म्हणजे गंधार, धैवत, निषाद हे शुद्ध स्वर चढे आणि कोमल स्वर उतरलेले.

दोन-तीन कंपनांनी काय बिघडते, असे वाटेल. एरवी फारसे बिघडलेही नसते, पण आपल्या गाण्यामागे तानपुरा असतो. मिरजेत शिकलगार घराण्यांनी गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे घडवलेला तानपुरा त्याच्या जवारीमुळे नुसते षड्ज-पंचम देत नाही. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवत कारागीर जी जागा शोधतो, तिथे तार घोडीला अलगद घासते आणि तिच्या पोटातले उपस्वर मोकळे होतात. खर्जाच्या तारेतून गंधार उमटतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो. वरच्या हिशेबात खर्ज १२० वर आहे. त्याचा पाचवा उपस्वर ६०० वर, म्हणजे तार सप्तकातल्या नेमक्या गंधारावर येतो. त्याच वेळी पेटीवाल्याने तार गंधाराची पट्टी दाबली तर ती वाजते ६०४.८ वर. दोन्ही नाद एकमेकांत अडकतात आणि सेकंदाला सुमारे पाच वेळा हेलकावतात. गवई म्हणतो, पेटी टोचते. टोचण्याचे कारण हे असे मोजता येते, हे देवलांनी ओळखले. २०२४ साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहेच. पण तानपुरा हे आपल्या संगीतातले मोजमापाचे साधनही आहे आणि पेटीचा दोष प्रथम त्यानेच दाखवून दिला, याचीही आठवण ठेवायला हवी.

देवल आणि क्लेमंट्स यांचा उपाय सरळ होता: स्वर बारा पुरत नाहीत, तर ते वाढवा. षड्ज आणि पंचम एकेक, बाकीच्या दहा स्वरांच्या दोन-दोन जागा, असे बावीस. फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया या संस्थेमार्फत त्यांनी हा विचार पुढे नेला. १९१६ साली बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिथे श्रुतींचा प्रश्न चर्चेला आला. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांना श्रुतींची अशी कायमची, आकड्यांत गोठवलेली मांडणी मान्य नव्हती. श्रुती-हार्मोनियम मैफलीत रुजला नाही.

या प्रसंगाकडे हार-जीत म्हणून पाहू नये. माझे मत असे की दोन्ही बाजू एका वेगळ्याच प्रश्नावर येऊन थांबल्या होत्या. देवलांची मोजणी खरी होती. ३०० आणि ३०२.४ यांतला फरक काल्पनिक नाही. पण राग म्हणजे अचूक ठिकाणी ठेवलेल्या स्वरांची रांग नव्हे. दरबारी कानड्याचा कोमल गंधार घ्या. तो एका जागी उभाच राहत नाही. आंदोलन घेत खाली झुकतो, वर येतो, रिषभाकडे परततो. त्याच्यासाठी बावीस काय, सहासष्ट पट्ट्या केल्या तरी त्या उभ्या पट्ट्याच राहणार. तोडीतला कोमल रिषभ येताना वेगळा, जाताना वेगळा ऐकू येतो, कारण शेजारच्या स्वराने त्याला ओढलेले असते. पेटीची अडचण म्हणून दुहेरी आहे: एक स्वराच्या जागेची आणि दुसरी स्वरापासून स्वरापर्यंतच्या प्रवासाची. पहिली पेटीतली पितळी पाती घासणाऱ्या कानशीने आणि गणिताने सुटते, दुसरी त्यांनी सुटत नाही. सातारा-सांगलीच्या या जोडीने पहिली अडचण इतक्या निष्ठेने सोडवली म्हणूनच दुसरी उघडी पडली. एका शास्त्रीय प्रयत्नाचे याहून मोठे यश मला माहीत नाही.

दुसऱ्या अडचणीशी झुंज दिली ती पेटीवादकांनी. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे, बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे, नागपूरचे मनोहर चिमोटे, गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर अशी ही परंपरा आहे. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, येत नाही हे यातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मग त्यांनी काय केले? एक बोट उचलण्याआधी दुसरे बोट ठेवून दोन स्वरांच्या कडा जुळवल्या. मुख्य स्वराला शेजारच्या स्वराचा निसटता कण दिला, की ऐकणाऱ्याचा कान मधले अंतर स्वतः भरून काढतो. भात्याचा दाब कमीजास्त करून स्वराला श्वास दिला. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, कुठे वाजवायचे नाही हे ठरवले. गवई गंधारावर आंदोलन घेत असेल तेव्हा चांगला साथीदार गंधाराची पट्टी दाबून बसत नाही. तो षड्ज किंवा पंचम धरून गळ्याला मोकळी जागा देतो. जे आपल्या वाद्यात नाही, ते खोटे करून दाखवण्यापेक्षा त्याची जागा राखणे, हा वाद्यांतराचा पहिला धडा मी तरी या वादकांकडून शिकलो.

इथे सांगलीचा रंगभूमीशी असलेला संबंधही ध्यानात घ्यावा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केले, तिथून निघालेली वाट पुढे संगीत नाटकापर्यंत गेली. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात भरल्या नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा, तर सारंगी एकटी पुरत नव्हती. पायांनी भाता चालवायचा ऑर्गन आला, दोन्ही हात मोकळे झाले, आणि गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या पदांमागे त्याचा भरणा ऐकू येऊ लागला. ख्यालाची बंदिश पदात येताना बदलली आणि पद ऑर्गनवर येताना पुन्हा बदलले. एकाच चालीचे हे दोन टप्पे जुन्या ध्वनिमुद्रिका शेजारी शेजारी ठेवून ऐकण्याजोगे आहेत.

पेटीच्या बाबतीत जे इतके कष्टाने घडले, ते दुसऱ्या एका युरोपीय वाद्याच्या बाबतीत किती सहज घडले, हे पाहायला साताऱ्यातच औंधला जावे. अंतूबुवा जोशी आणि त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी यांच्यामुळे औंधचे नाव संगीतात कायमचे नोंदले गेले. शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू झालेला तिथला संगीत महोत्सव आजही भरतो. गजाननबुवा (१९११–१९८७) ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेले गवई. शिवाय त्यांनी व्हायोलिनवर गायकी उतरवली. व्हायोलिनला ना पट्टी ना पडदा. बोट तारेवरून हव्या त्या वेगाने सरकते, म्हणून श्रुतीचा आणि मींडेचा प्रश्न एकदमच मिटतो. तरीही अडचणी उरतात, आणि त्या शिकण्यासारख्या आहेत. गळ्यात शब्द असतो, गजाच्या तारेत नसतो; मग बंदिशीतले शब्दांचे आघात गज कुठे उलटवायचा या निर्णयातून आणावे लागतात. गवयाचा दम संपतो तिथे वाक्य संपते, गजाला दम नाही. मग थांबायचे कुठे, हे गाणे आतून माहीत असल्याशिवाय ठरत नाही. पेटी आणि व्हायोलिन, दोन्ही परकी वाद्ये. एकाला आपण शतकभर संशयाने पाहिले, दुसऱ्याला सहज घरात घेतले. फरक देशाचा नव्हता, यंत्राचा होता.

संशय केवढा होता हे नव्या अभ्यासकाला ठाऊक असावे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला बंदी केली. त्याआधी रेडिओच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे जॉन फाउल्ड्स यांनी पेटीवर कठोर टीका केली होती, रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नकोशी होती. ही बंदी तीस वर्षांनंतर, १९७० च्या दशकात, हळूहळू सैल झाली. पेटीवरचे आक्षेप मुळात देवलांच्याच जातीचे होते. पण देवलांनी दोष दिसल्यावर वाद्य सुधारायला घेतले, रेडिओने ते दाराबाहेर ठेवले. माझी सहानुभूती कुणाकडे आहे हे लपवण्याचे कारण नाही. अलीकडच्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींच्या हार्मोनियमचा विचार पुन्हा उचलला. त्यांच्या पेटीत राग बदलला की खुंट्या ओढून हव्या त्या श्रुती पट्टीखाली आणता येतात. सांगलीत विचारलेला प्रश्न अजून जिवंत असल्याची ही खूण आहे.

आता मरिंबा. मूळ आफ्रिकेतले, मध्य अमेरिकेत ग्वातेमाला आणि दक्षिण मेक्सिकोत वाढलेले हे वाद्य विसाव्या शतकात अमेरिकेत मैफलीचे झाले. रोझवुडच्या पट्ट्या पियानोच्याच क्रमाने मांडलेल्या, प्रत्येक पट्टीखाली नाद घुमवणारी धातूची नळी, आणि वादकाच्या प्रत्येक हातात दोन-दोन काठ्या. मोठ्या मरिंबाचा विस्तार पाच सप्तकांचा. पियानोचा सात सप्तकांहून थोडा अधिक. पट्टीच्या पोटातले लाकूड मधोमध कोरले की स्वर उतरतो, टोकाचे काढले की चढतो. पेटीतले कंप पावणारे पितळी पाते, म्हणजे सूर, त्याचेही असेच आहे: टोकाला घासला की चढतो, बुडाला घासला की उतरतो. दोन्ही कारागिरांचे हात एकच विद्या जाणतात.

पण वाजवताना दोघांच्या उणिवा उलट आहेत. पेटीचा स्वर भाता आहे तोवर अखंड चालतो, त्याला आघात नाही. मरिंबाला आघातच आघात. स्वर उमटला की विरू लागतो, वरच्या पट्ट्यांवर तर क्षणात. पियानोत वादक पायाने पेडल दाबतो आणि सोडलेले स्वर मागे तरंगत राहतात. मरिंबाला ते नाही, आणि एका वेळी स्वरही चारच. म्हणून पियानोची कुठलीही रचना मरिंबावर जशीच्या तशी बसत नाही. बाखच्या रचना तुलनेने सहज बसतात, त्याला कारण आहे: त्या पेडल नसलेल्या, झटकन विरणाऱ्या नादाच्या हार्प्सिकॉर्डसारख्या वाद्यांसाठी लिहिल्या गेल्या, त्यामुळे त्यांचे सौंदर्य स्वरांच्या ओळी एकमेकींत कशा विणल्या आहेत त्यात आहे, लांबलेल्या नादात नाही. शोपाँचे नॉक्टर्न घेतले की पंचाईत होते. वरची गाणारी ओळ लांब धरायची, खाली डाव्या हाताचे स्वर पेडलमध्ये विरघळवायचे. मरिंबावादक मग वरच्या स्वरावर दोन काठ्या झरझर फिरवून त्याला लांबवतो, खालच्या गुच्छातले दुहेरी स्वर गाळतो, मंद्रातला एखादा स्वर एक सप्तक वर घेतो. काय गाळले यावरून त्याला ती रचना किती कळली आहे ते समजते. क्लेअर ओमर मसर यांनी १९३५ मध्ये शंभर मरिंबावादकांचा वाद्यवृंद उभा केला आणि युरोपीय अभिजात रचना त्याच्यासाठी बेतल्या. एका वादकाला चार स्वरांची मर्यादा आहे ना, मग वादक वाढवा, असा तो उपाय. श्रुती कमी पडतात तर पट्ट्या वाढवा, या देवलांच्या उपायाशी त्याचे नाते लगेच जाणवेल.

आपल्याकडे मरिंबाच्या अडचणीला सर्वांत सुंदर उत्तर संतूरने दिले. काश्मीरच्या सूफियाना मौसिकीतले हे वाद्य शिवकुमार शर्मांनी राग-संगीतात आणले, तेव्हा आक्षेप हेच होते: काठ्यांनी वाजवायचे, नाद तुटक, मींड नाही. त्यांनी तारांची आणि घोड्यांची मांडणी बदलली, वाद्य मांडीवर घेतले आणि हलक्या धरलेल्या कलमांना तारेवर नाचू दिले, की स्वर सलग वाटावा. आलाप त्यांनी सतारीची नक्कल करून रचला नाही; कलमांच्या थरथरीतून त्याचे वेगळे रूप घडवले. मरिंबावर पियानो आणणाऱ्या विद्यार्थ्याने मसरइतकेच शिवकुमारांकडूनही शिकावे, आणि संतूर शिकणाऱ्याने मरिंबा ऐकावा.

या अभ्यासाला येणाऱ्याने कुठून सुरुवात करावी, असे मला विद्यार्थी विचारतात. वाचनाआधी कान तयार करा. सुरात लावलेल्या तानपुऱ्याजवळ पेटी ठेवा. आधी पंचम दाबा, ऐका. मग शुद्ध गंधार दाबा आणि हेलकावे कानाला येईपर्यंत थांबा. यमन आणि भूप घेऊन बघा, मग दरबारी घ्या. पेटी कुठे तग धरते आणि कुठे हात टेकते याची स्वतःची वही करा. त्यानंतर देवल आणि क्लेमंट्स वाचा. आकडे तेव्हा कोरडे वाटणार नाहीत. नोटेशन येत असेल तर उत्तम, येत नसेल तर त्यासाठी अडून राहू नका. पेटीवादकांच्या ज्या पिढीने ही विद्या घडवली तिच्यातल्या बहुतेकांनी ती कानानेच घेतली होती. पाश्चात्त्य संगीताची बाजू अनोळखी असेल तर बाखची एकच छोटी रचना पियानोवर, हार्प्सिकॉर्डवर आणि मरिंबावर पाठोपाठ ऐका. तीनदा ऐकल्यावर रचनेत काय टिकून राहिले आणि काय वाद्याबरोबर गेले, याची यादी आपोआप तयार होते.

काम भरपूर पडले आहे. नाट्यपदांमागच्या ऑर्गनची वादनशैली स्वर-स्वर लिहून तपासायला हवी: कुठे गळ्याबरोबर, कुठे मागे, कुठे गप्प. पेटीचे सूर लावणारे कारागीर कानाने लावताना गंधार किंचित उतरवून ठेवतात का, हे यंत्राने मोजायला हवे. सांगली-मिरजेतली आणि साताऱ्यातली जुनी भजनी मंडळांची पेटी त्यासाठी मोठ्या मैफलीच्या पेटीइतकीच उपयोगी आहे. अब्दुल करीम खाँच्या ध्वनिमुद्रिका आहेत, देवलांचे आकडे आहेत, आणि ध्वनीची वारंवारता मोजणारी साधने आता कुणाच्याही मोबाइलवर चालतात. त्याच गवयाचा तोच राग घेऊन देवलांची मोजणी पडताळून पाहावी, आणि स्वर थांबतो तिथली वारंवारता तर घ्यावीच, पण स्वर सरकतो त्या वाटेचाही आलेख काढावा. देवलांकडे ते साधन नव्हते. पंधरवड्याची चिकाटी असलेला कुठलाही विद्यार्थी हे काम सांगलीत बसून करू शकतो, आणि त्याला हवा असलेला तानपुरा मिरजेत मिळेल.